मोराचे पाय मी काढणार नाही

भाऊ, हे मी लिहू नये असं मला स्वतःलाच वाटतंय. लोणावळ्याच्या तुंगार्लीत तुमच्याबरोबर लहानाचे मोठे झालेले लोक आहेत, शिवाजीनगरच्या ऑफिसात तुमच्या शेजारच्या टेबलावर आयुष्य काढलेले लोक आहेत, घरचे आहेत. मी कोण, तर कान्ह्याला गाडीत चढणारी, तीन वर्षांच्या ओळखीची, टाकव्याची एक मुलगी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. छापून येण्यासाठी मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही. पण आपल्या साप्ताहिकाचे संपादक म्हणाले, "भाऊच्या 'डावी खिडकी' सदराची जागा या अंकात रिकामी आहे. ती तू भर." मी म्हटलं, "सर, मला लिहिता येत नाही." ते म्हणाले, "त्यालाही येत नव्हतं. तो भांडायचा, आम्ही छापायचो."

तेव्हा आधी सगळ्यांची माफी मागते आणि मग भांडते.

पहिलं भांडण 'मनमिळाऊ' या शब्दाशी. तुमच्या निधनाची बातमी पेपरात आली, त्यात तुम्हाला 'हसतमुख आणि मनमिळाऊ' म्हटलंय. तुम्हीच सांगायचात की हे दोन शब्द कुणाच्याही नावापुढे फुकट मिळतात. निधनवार्तांचं पान तुम्ही गाडीच्या डब्यात कुणाला देत नव्हता, स्वतःकडे ठेवायचात आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणायचात, "या गाडीत मला आजवर एक मनमिळाऊ माणूस भेटला नाही. सगळे मेल्यावर होतात. या पानावर आलं की स्वभाव सुधारतो."

तुमची बातमी आलेलं ते पान मी नंतर एकदा गाडीत पार्वतीमावशींना वाचून दाखवलं. मावशी मळवलीला चढतात आणि तळेगावला एका शाळेत खिचडी रांधतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. 'डावी खिडकी' वाचणाऱ्यांनाही ठाऊक असेल, कारण तुम्ही त्यांच्या डब्यातल्या ठेच्यावर दोनदा लिहिलं होतं. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कोन लिवतं गं ह्ये? भाऊ आन मनमिळावू? खिडकीवरनं दोन म्हैनं माझ्याशी बोलत न्हवता तो. आन बोलायला लागला तवा काय म्हनला, तर मावशी, तुमच्या पिशवीला मासळीचा वास येतो."

डबा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. म्हणून मी इथे लेखी देते की तुम्ही मनमिळाऊ नव्हता. तुम्ही खिडकी सोडत नव्हता, चुकीचं बोललेलं सोडत नव्हता, आणि मला तर तीन वर्षं सोडलं नाहीत.

ज्यांनी आपला डबा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सकाळच्या लोणावळा-पुणे लोकलमध्ये भाऊ एकच पेपर विकत घ्यायचे आणि गाडी सुटली की त्याची पानं सुटी करून वाटायचे. मावशींना बाजारभावांचं पान, कारण त्यात आकडे असतात आणि आकडे त्यांना वाचता येतात. कामशेतच्या एका मेकॅनिकला राजकारणाचं पान, कारण त्याला राजकारण आवडत नाही. ज्याच्या हातात जे पान येईल त्याने त्यातली एक बातमी सगळ्यांना सांगायची आणि मगच पान पुढे द्यायचं. सांगताना तोंड सरळ ठेवायचं. आधीच हसायचं नाही, आधीच हळहळायचं नाही, स्वतःचं मत चिकटवायचं नाही. बातमी संपली की मथळा भाऊ द्यायचे. "मंत्र्यांनी खड्ड्यांची पाहणी केली," असं मेकॅनिक म्हणाला की खिडकीतून आवाज यायचा, "खड्ड्यांनी मंत्र्यांची पाहणी केली." घाटात वाहनांच्या रांगा लागल्या की मथळा व्हायचा, "लोणावळ्यात पर्यटकांचा मुक्काम वाढला, गाडीतच." पावसाळ्यात शनिवारी प्लॅटफॉर्मवर धुक्याचे फोटो काढणारे लोक दिसले की तुम्ही त्यांना 'धुकं न्यायला आलेले' म्हणायचात. "आपण पेपर फुकट वाचतो, ते धुकं फुकट नेतात. फिटंफाट."

मला या सगळ्यात कसं घेतलंत ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. खरं तर लटकलेलं आहे.

मी पहिल्या वर्षाला होते. कॉलेजचं एनएसएसचं शिबिर भाद्रपदात आमच्याच भागात होतं आणि कान्हे स्टेशन सोडलं की डाव्या हाताला जे गोडाऊन लागतं, त्याच्या लांबलचक भिंतीवर चित्रं काढायचं ठरलं. मालकांनी हो म्हटलं होतं. बाकीच्यांनी झाडं, पुस्तकं, पृथ्वी असं वाटून घेतलं. मला चित्रकला शिकवलेली नव्हती, पण आमच्या शेतात मोर येतात म्हणून मी मोर घेतला. दोन दिवस चिखलात उभी राहून काढला. भिंतीच्या बुडाशी कमरेएवढं गवत होतं, हिरवंगार. मोर गवतात उभा असला की त्याचे पाय दिसत नाहीत. मी रोज पाहिलेला मोर तसाच होता. मी गवताच्या वरपर्यंत मोर काढला आणि घरी गेले. सर म्हणाले, छान, गवतातून आल्यासारखा वाटतो.

मार्गशीर्षात गवत वाळलं. मग कुणीतरी ते कापून नेलं आणि उरलेलं जाळलं. भिंतीच्या बुडाशी काळी जमीन राहिली आणि तिच्या वर कमरेएवढ्या उंचीवर माझा मोर. मध्ये काहीच नाही.

त्याच आठवड्यात लेडीज डबा पकडायला मी पळाले, पोचले नाही आणि तुमच्या डब्यात चढले. गाडी सुटली. खिडकीतले एक गृहस्थ म्हणाले, "बघा, बघा, डावीकडे. मावळातला एकमेव पक्षी. उडतही नाही, बसतही नाही. फाशी दिलेली कोंबडी." सगळा डबा वाकून बघत होता आणि हसत होता. हे त्यांचं रोजचं होतं, हे मला माहीत नव्हतं. माझे कान तापले. मी कधी वर्गात हात वर केलेला नाही, भाऊ, पण तेव्हा तोंडातून निघून गेलं, "तो मोर आहे."

"कोण म्हणतं?"

"मी. मीच काढलाय."

मावशींनी कपाळावर हात मारला. मला वाटलं, आता तुम्ही माफी मागाल, मी 'असू द्या' म्हणेन आणि उद्यापासून लेडीज डब्यात जाईन. तुम्ही माझ्याकडे नीट पाहिलंत आणि विचारलंत, "मग पाय कुठायत?"

"गवतात होते."

"गवत कुठाय?"

"वाळलं."

तुम्ही इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला आणि मेकॅनिकने पाठीवर थापट्या मारल्या. मग तुम्ही बाकावर सरकून जागा केलीत. "बस, चित्रकार. खिडकी मात्र मिळणार नाही." आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हातात पेपरचं एक पान होतं.

तिथून आपला वाद सुरू झाला. तुम्ही म्हणायचात, पाय काढ. मी म्हणायचे, नाही काढणार, पावसाळ्यात गवत येईल तेव्हा मोर जागेवर येईल. तुम्ही म्हणायचात, चार महिने बरोबर आणि आठ महिने चूक, हे कसलं चित्र? मी म्हणायचे, आमचं भाताचं खाचरही चार महिनेच खाचर असतं, बाकीचे आठ महिने तिथे ढेकळं असतात, म्हणून ते चूक होत नाही. तुम्ही म्हणायचात, खाचर लोकांना बघण्यासाठी केलेलं नसतं. मी म्हणायचे, तुम्ही तर बघता. पावसाळ्यात गवत वाढलं आणि मोर खरोखर जमिनीवर उतरला तेव्हा मी पूर्ण डब्यासमोर म्हटलं, "आता बोला." तुम्ही म्हणालात, "आता काय बोलू, आता हंगामी बरोबर आहे." आणि 'डावी खिडकी'त लिहिलंत की कान्ह्याच्या कोंबडीला पावसाळ्यापुरता जामीन मिळाला आहे.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. माझ्याशी त्याआधी कुणी वाद घातला नव्हता. घरी आई म्हणते, "तू शिकलीस, तुला जास्ती कळतं." वडील म्हणतात, "तुला काय कळतंय त्यातलं?" दोन्ही वेळा बोलणं तिथेच संपतं. कॉलेजात शहरातली मुलं माझं ऐकून घेतात आणि छान हसतात, आमच्या बोलीला हसल्यासारखं नाही, पण छान. तुम्ही मात्र मी काय म्हणाले ते रात्रभर डोक्यात ठेवून सकाळी उत्तर घेऊन यायचात. कान्ह्याला चढले की बसायच्या आधीच सुरू, "काल तू खाचराचं म्हणालीस ना, ते पटलं नाही." माझ्या बोलण्याला एवढं मोजणारा माणूस मला माहीत नव्हता. हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "विषय बदलू नकोस."

एकदा तुम्ही मला पुण्यात एका चित्रांच्या प्रदर्शनाला नेलंत. तुम्हाला त्यावर लिहायचं होतं. मी आत जायला घाबरत होते, कारण दारात चपला काढायच्या की नाही ते कळत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "आत सगळे घाबरलेलेच आहेत, फक्त त्यांनी हात मागे बांधलेत." मग आपण दोघं हात मागे बांधून फिरलो. एका कोपऱ्यात दगडाचा पुतळा होता, एका बाईचा, त्याला दोन्ही हात नव्हते आणि मानही अर्धी होती. लोक थांबून थांबून बघत होते. मी हळूच म्हटलं, "भाऊ, इथे कुणी विचारत नाही, हात कुठे गेले म्हणून." तुम्ही थांबलात. मागे बांधलेले हात सोडून चष्मा कपाळावर चढवलात. मला वाटलं, जिंकले. बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला वडापाव खाताना तुम्ही म्हणालात, "ती दगडाची आहे. तुझा मोर डिस्टेंपरचा आहे." पण त्या आठवड्याची 'डावी खिडकी' पुतळ्यावर होती आणि तिच्यात माझं वाक्य होतं, 'माझ्या एका सहप्रवाशाने विचारलं' असं म्हणून. तुम्ही माझं वाक्य चोरलंत, भाऊ. मी तो अंक आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "मंग नाव का न्हाई टाकलं तुजं?" तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "नाव हवं असेल तर स्वतः लिही." तेव्हा राग आला होता. आता लिहितेय, तर तुम्ही नाही.

यंदा दिवाळीनंतर कळलं की गोडाऊनच्या मालकांनी ती भिंत एका बंगल्यांच्या स्कीमच्या जाहिरातीला द्यायची ठरवलीय. शनिवार-रविवारी राहायला यायचे बंगले, हिरवळ, निळं पाणी. सगळी भिंत रंगवणार. झाडं आणि पृथ्वी तर केव्हाच उडून गेली होती, एक माझाच मोर राहिला होता. मला वाटलं, संपलं एकदाचं, वादही संपेल.

तुम्ही मात्र लालबुंद झालात. तीन वर्षं त्या मोराला कोंबडी म्हणणारा माणूस! मला आणि मावशींना घेऊन उलटी गाडी धरलीत आणि कामशेतला उतरलात. ऑफिसला रजा टाकलीत, जी तुम्ही ताप असला तरी टाकत नव्हता. गोडाऊनच्या मालकांना सगळे बाबूशेठ म्हणतात, त्यांचं दुकान कामशेतला आहे. ते पेंडीच्या पोत्यांच्या थप्पीजवळ खुर्ची टाकून बसले होते.

"या भाऊ. आज गाडी सोडून खाली?"

"शेठ, ती भिंत पुसू नका."

बाबूशेठ हसायला लागले. "तुमी म्हनताय? तुमीच लिवलं व्हतं न्हवं, फाशी दिल्याली कोंबडी म्हनून? मेव्हन्यानं वाचून दावलं मला. लाज वाटली. माज्या भिंतीवर कोंबडी!"

"लिहिलं. अजूनही लिहीन. नावं ठेवतो म्हणजे रोज बघतो, शेठ. पुसलीत तर काय बघू?"

"भिंत माजी हाये."

"भिंत तुमची, मोर गाडीचा."

मावशी म्हणाल्या, "बाबू, आरं रोजची सवय झालीया आमाला. त्यो दिसला की कळतं, तळेगाव जवळ आलं, डबा आवरा."

शेठनी डोकं खाजवलं. "बरं, मंग पाय तरी काढा त्येला. नीट दिसू द्या. म्हंजे मीबी त्या स्कीमवाल्यांना सांगीन, दुसरीकडं बगा."

तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत. तीन वर्षं जे मागत होतात ते आयतं समोर आलं होतं. मावशीही माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "नाही."

"ऐकलंत?" तुम्ही शेठना म्हणालात. "नाही म्हणतेय. मग नाही. तुम्ही कधी तो मोर गाडीतून पाहिलाय?"

"मी कशाला गाडीत बसू? माजी फोर व्हीलर हाये."

"एकदा बसा. डाव्या खिडकीत. मी माझी जागा देतो तुम्हाला."

मावशी मला कोपर मारून कुजबुजल्या, "जागा देतो म्हनला! ह्येला बरं न्हाई का काय?"

शेठ म्हणाले, "बगू."

परत प्लॅटफॉर्मवर आल्यावर तुम्ही मला धारेवर धरलंत. "एवढं हातातोंडाशी आलं होतं! दोन काड्या ओढल्या असत्यास तर काय बिघडलं असतं?" मी विचारलं, "मग आत का नाही बोललात?" तुम्ही म्हणालात, "आत आपण एका बाजूला होतो. आता बाहेर आलोय." मग गाडी आली. "पुढचं सावकाश बोलू," म्हणालात.

त्यानंतर माझी परीक्षा होती, दुपारची, म्हणून मी काही दिवस या गाडीला नव्हते. परीक्षा संपल्यावर कान्ह्याला चढले, तर डाव्या खिडकीत एक अनोळखी मुलगा मोबाइल बघत बसला होता आणि त्याला कुणी उठवत नव्हतं. मला तेव्हाच कळलं. कुणी सांगायच्या आधी.

तुमच्या पुण्यानुमोदनाला मी तुंगार्लीला आले होते. वंदना झाली. मग लोक बोलले. सगळे चांगलं बोलले आणि त्यातल्या तिघांनी मोराचा विषय काढला. एक जण म्हणाले, "त्या मुलीने आता मोराचे पाय काढावेत, भाऊंची शेवटची इच्छा होती." लोकांनी माना हलवल्या. मेकॅनिक म्हणाला, "रंग मी आणतो." कामशेतहून बाबूशेठही आले होते. ते जाताना माझ्याजवळ थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "काड की पोरी आता. पाय काडलेस तर म्होरलं मी बगतो. न्हाई तर स्कीमवाल्यांचा पेंटर येनारच हाये ह्या म्हैन्यात."

मला तिथे बोलायला सांगितलं होतं. मी उठले नाही. उठले असते तर रडले असते आणि तुमचा नियम मोडला असता. पण माझं म्हणणं पक्कं होतं, ते इथे लिहिते. तुम्ही गेलात म्हणून तुम्ही बरोबर ठरत नाही, भाऊ. जिवंत माणसाशी तीन वर्षं भांडायचं आणि तो गेला की दुसऱ्या दिवशी 'तुमचंच खरं' म्हणून मोकळं व्हायचं, हे मला जमणार नाही. तो मान नाही, ती फसवणूक आहे. तुम्हाला माझी मान हलवून हवी असती तर ती तुम्ही बाबूशेठच्या पोत्यांसमोर मागितली असती. शेवटची इच्छा म्हणे! तुमची शेवटची इच्छा पुढचं सावकाश बोलायची होती.

निघताना काकूंच्या पाया पडले. तुमच्या घरी मी पहिल्यांदाच आले होते, तरी त्यांनी मला ओळखलं. "तूच ना पाय न काढणारी?" मी मान खाली घातली. वाटलं, त्याही तेच सांगणार. काकू म्हणाल्या, "त्यांना जे आवडायचं नाही ना, त्याच्यावर ते लिहायचेच नाहीत. एक ओळसुद्धा नाही. आणि मोरावर किती वेळा लिहिलं?" एवढंच म्हणून त्या आत चहा बघायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी एकटी कामशेतला उतरले. माझे पाय लटपटत होते, हे कबूल करते, पण निदान होते तरी. बाबूशेठना म्हटलं, "मी पाय काढणार नाही. तो माझा आणि भाऊंचा वाद आहे, तो त्यांच्या माघारी मी मिटवणार नाही. भिंत तुमची आहे, पुसायची तर पुसा. पण भाऊ तुम्हाला गाडीत बसा म्हणाले होते आणि तुम्ही बगू म्हणाला होतात. ते बाकी आहे."

शेठनी टोपी मागे सारली. "लय कडक हायेस की गं. कुनाची तू?"

मी वडिलांचं नाव सांगितलं.

"त्यो तर लय गरीब मानूस," शेठ म्हणाले.

मग आमच्या डब्याचं. तुम्ही गेल्यावर कुणी पेपर घेत नव्हतं. जो तो मोबाइल काढून बसायचा. एक दिवस मावशींनीच लोणावळ्याहून येणाऱ्या एका मुलाला सांगून पेपर मागवला आणि सगळ्यांसमोर पानं सुटी करायला घेतली, जरा फाटली. "गाडी बंद पडली का? न्हाई न्हवं? मंग पेपर का बंद?" निधनवार्तांचं पान त्यांनी माझ्याकडे दिलं. आता सगळे बातम्या सांगतात आणि सांगून झाल्यावर खिडकीकडे बघतात. मथळा कुणी देत नाही. मी दिला नाही आणि देणार नाही. तुमच्यासारखं हसवणं मला येत नाही आणि तुमची नक्कल करून तुम्हाला मोठं करायचं नाहीये. मला फक्त वाद घालता येतो, तोही तुम्हीच शिकवलेला.

परवा कान्ह्याला चढले, तर डाव्या खिडकीत पांढरी टोपी. बाबूशेठ. तिकीट शर्टाच्या वरच्या खिशातून अर्धं बाहेर ठेवलेलं, सगळ्यांना दिसावं म्हणून. मावशींनी त्या मोबाइलवाल्या मुलाला उठवून जागा करून दिली होती. मी दांडीला धरून उभी राहिले. गाडी सुटली. नेहमीसारखा सगळा डबा डावीकडे वाकला. जळलेली काळी जमीन आली, मग भिंत आली आणि भिंतीच्या मधोमध माझा मोर, पिसारा फुलवलेला, खाली काही नाही.

"आरं तिच्या मायला!" शेठ म्हणाले आणि हसत सुटले. टोपी घसरली, ती मेकॅनिकने धरली. मोर मागे गेला तरी शेठ हसतच होते. मग डोळे पुसून त्यांनी मागे वळून सगळा डबा पाहिला. "आन तुमी समदी रोज असंच बगता? माज्या भिंतीकडं?"

"रोज," मावशी म्हणाल्या.

शेठ वडगावला उतरले, प्लॅटफॉर्मवर उभे राहिले आणि गाडी हलेपर्यंत आमच्या डब्याकडे बघत होते.

आज सकाळी मळवलीला चढतानाच मावशींकडे बातमी होती. त्यांनी ती कान्ह्याला मी चढेपर्यंत पोटात ठेवली, मग माझ्या कानात सांगितली आणि म्हणाल्या, "मी न्हाई सांगत. तुज्या पानावरची हाये, तू सांग भाऊला." मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, दोन्ही नियमाबाहेर. तेव्हा मी पेपर मिटला, तोंड सरळ केलं आणि वडगाव यायच्या आत सांगितली. तुम्हालाही तशीच सांगते.

कान्हे. स्टेशनजवळच्या गोडाऊनच्या भिंतीवर रंगवली जाणारी बंगल्यांची जाहिरात आता त्याच गोडाऊनच्या मागच्या भिंतीवर होणार आहे. मागच्या बाजूला म्हशींचा गोठा आहे. "त्यांनाबी बंगलं आवडत्याल," असं मालकांनी सांगितलं. गाडीकडची भिंत आहे तशी राहील. मोराला पाय नाहीत. गवत आषाढात येईल.